आधी आडवी की आधी उभी?

ओळख चिनी लिपीची : लेखांक ४

मागच्या लेखात आपण रेघांचे प्रकार पाहिले. आता त्या कोणत्या क्रमाने काढायच्या ते बघू. नवशिक्यांना हा भाग निव्वळ जाच वाटतो. कागदावर अक्षर नीट उमटलं, मग कुठली रेघ आधी काढली याच्याशी कुणाला काय देणंघेणं?

८ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनाला प्रथेप्रमाणे ग्रीसचा संघ सर्वांत आधी मैदानात आला. त्याच्यामागे गिनी, गिनी-बिसाऊ आणि मग तुर्कस्तान. हा क्रम लावला होता देशाच्या चिनी नावातल्या पहिल्या अक्षराच्या रेघा मोजून. गिनीच्या अक्षरात रेघा दोन. तुर्कस्तान, येमेन आणि मालदीव या तिघांच्या तीन-तीन. मग यांच्यात पुढे कोण? अशा वेळी पहिली रेघ कोणती, हे बघतात. आडवीचा मान पहिला, मग उभी, मग डावीकडे उतरणारी, मग टिंब आणि शेवटी मोड घेणारी. तुर्कस्तानचं अक्षर आडव्या रेघेने सुरू होतं, म्हणून ते पुढे. बाकी दोघांची पहिली रेघ मोड घेणारी. तेव्हा दुसरी बघायची. ती येमेनची उभी, म्हणून येमेन आधी आणि मालदीव मागे. एरवी पहिल्या काहींत येणारा ऑस्ट्रेलिया पंधरा रेघांपायी पार शेवटाला गेला. चीनमध्ये समितीच्या सदस्यांची यादीसुद्धा अनेकदा आडनावाच्या रेघांवरून लावतात. क्रम चुकला की यादीतली जागाही चुकते.

मूळ नियम थोडे आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. आडवी आणि उभी एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी. ‘दहा’चं अक्षर अधिकाच्या चिन्हासारखं दिसतं, ते असंच काढतात. ‘माणूस’ म्हणजे दोन तिरप्या रेघा. त्यात डावीकडे उतरणारी आधी. इथवर सगळं सरळ आहे.

गंमत पुढे आहे. ‘पाणी’ लिहिताना मधली आकडेदार उभी रेघ आधी येते, मग डावी बाजू, मग उजवी. मधला कणा बसला की दोन्हीकडचा तोल साधता येतो. हे ऐकून कुणी ‘आग’ लिहायला घेतली तर फसगत ठरलेली, कारण तिथे दोन्ही बाजूंचे ठिपके आधी आणि मधला ‘माणूस’ नंतर. ‘देश’ या अक्षराभोवती चौकट असते. तिची डावी बाजू उतरवायची, मग वरची आणि उजवी एका दमात वळवून काढायची. आतलं अक्षर पुरं करायचं आणि तळाची रेघ शेवटी ओढायची. एकूण आठ रेघा. चौकट आधी बंद करून आत लिहिणारे पुष्कळ असतात. त्यांचं आतलं अक्षर हमखास कोंबल्यासारखं दिसतं.

क्रमाचा खरा कस लागतो तो घाईच्या लिखाणात. आपल्याकडे मोडी लिहिताना ओळभर रेघ आधी मारून घेत आणि अक्षरं मग तिच्याखाली भराभर येत. देवनागरीत शिरोरेघ मागून. हात कसा वाहता राहील, त्यावर हे ठरतं. चिनी धावत्या लिपीत कुंचला पुरता उचलला जात नाही, दोन रेघांमधला प्रवासही कागदावर उमटतो. वाचणाराही त्या मागावरूनच अक्षर ओळखतो. उलट क्रमाने धावलेला हात भलतेच दुवे सोडतो, आणि मग वाचणारा बुचकळ्यात पडतो. इ. स. ३५३ मध्ये सुलेखनकार वांग शीजी यांनी लिहिलेली लान्तिंगची प्रस्तावना याच धावत्या वळणाची. मूळ प्रत हरवली. आज दिसतात त्या नकला.

आता थोडी डोकेदुखी. हा क्रम सगळीकडे एकच नाही. ‘डावा’ आणि ‘उजवा’ या दोन्ही अक्षरांचा वरचा भाग सारखाच दिसतो. चीनमध्ये दोन्ही आडव्या रेघेने सुरू होतात. जपानमध्ये ‘डावा’ आडव्या रेघेने, पण ‘उजवा’ तिरप्या रेघेने. चीनचं सध्याचं प्रमाण १ मार्च २०२१ पासून लागू आहे आणि त्यात ८,१०५ अक्षरांचा क्रम दिला आहे. जपानच्या शिक्षण मंत्रालयाची १९५८ची पुस्तिका मात्र दिलदार: यात दिलेल्याहून वेगळे क्रम चूक समजू नयेत, असं तिच्यातच म्हटलं आहे. माझं मत विचाराल तर ज्या देशाची भाषा शिकता त्याचा क्रम धरा आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही बघू नका. निदान पहिलं वर्षभर तरी.

सरावासाठी चिनी शाळांमधली एक रीत उचलण्यासारखी आहे. वही उघडण्याआधी मुलं बोट वर करून अक्षर हवेत काढतात आणि प्रत्येक रेघेचं नाव मोठ्याने म्हणतात: हंग, शू, फ्ये, ना. आडवी, उभी, डावी तिरपी, उजवी तिरपी, झालं ‘झाड’. नाव घेत काढल्यामुळे रेघ गाळता येत नाही. मग आखीव चौकोनांच्या वहीत गिरवायचं.

फोनवर रेघांचा कीबोर्ड असेल तर तोही वापरून बघा. त्यात पाच रेघांना पाच कळा असतात: १ आडवी, २ उभी, ३ डावी तिरपी, ४ टिंब किंवा उजवी तिरपी, ५ मोड. १-२-३-४ दाबलंत की सुचवलेल्या अक्षरांत ‘झाड’ दिसेल. २-१-३-४ दाबून मात्र ते सापडायचं नाही.

पुढच्या आठवड्यात : अक्षरांची मूलचिन्हं.