रोलर कोस्टरला वेग मिळतो कोठून?

खोपोली – मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळील इमॅजिका उद्यानातील ‘नायट्रो’ हा देशातील मोठ्या रोलर कोस्टरपैकी एक. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कोस्टरची उंची सुमारे ४० मीटर असून, एका फेरीत प्रवासी पाच वेळा उलटे होतात. विशेष म्हणजे, एवढा थरार घडविणाऱ्या या गाडीला इंजिनच नसते.

साखळी गाडीला केवळ पहिल्या चढाच्या माथ्यापर्यंत ओढून नेते. तेथे साठलेली स्थितिज ऊर्जा उतारावर गतिज ऊर्जेत रूपांतरित होते. ४० मीटरच्या उतारावर, घर्षण नसल्यास, ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग मिळतो. घर्षण आणि हवेच्या रोधामुळे ऊर्जा घटत जाते. म्हणून पुढील चढ पहिल्यापेक्षा ठेंगणे ठेवावे लागतात.

विक्रमांची अडचण येथेच आहे. केवळ उतारावर विसंबून वेग दुप्पट करायचा, तर उंची चौपट करावी लागते. त्यामुळे अनेक विक्रमी कोस्टरनी गाडीला सुरुवातीलाच जोरदार रेटा देण्याचा मार्ग स्वीकारला. अमेरिकेतील न्यू जर्सीमधील ‘किंगडा का’ (२००५) द्रवचालित यंत्रणेच्या साह्याने सुमारे साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर वेग घेऊन १३९ मीटर उंच मनोरा ओलांडत असे. २०२५ मध्ये तो पाडण्यात आला. अबुधाबीतील ‘फॉर्म्युला रोसा’ (२०१०) केवळ ५२ मीटर उंच असूनही ताशी २४० किलोमीटर वेग गाठतो. तेथे प्रवाशांना संरक्षक चष्मा लावावा लागतो.

एवढ्या वेगात गाडी रुळावरच राहते, ती चाकांच्या रचनेमुळे. काही चाके रुळावर, काही बाजूला, तर काही रुळाखाली असल्याने गाडी उचलली जात नाही. चढावर ऐकू येणारा ‘टकटक’ आवाज गाडीला मागे घसरू न देणाऱ्या खटक्यांचा असतो. रुळाचे टप्पे पाडलेले असतात आणि पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागच्या गाडीला सोडले जात नाही.

मात्र, या रचनेला नियमित तपासणीची जोड नसेल, तर ती निरुपयोगी ठरते. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळील उद्यानात झोके घेणारा महाकाय पाळणा तुटून कोसळला आणि त्यात प्राणहानी झाली. मोठे उद्यान असो वा गावची जत्रा, पाळण्यात बसण्यापूर्वी उंची व आरोग्यविषयक सूचना वाचणे आणि सुरक्षापट्टा घट्ट बसल्याची खात्री करणे प्रवाशाच्या हाती असते; जोड, बोल्ट आणि पोलादाला गेलेले तडे वेळीच शोधणे ही जबाबदारी मात्र चालकांची आणि परवाना देणाऱ्या यंत्रणेचीच आहे.