गंधक दुधात पडतो तेव्हा

भातलावणी सुरू झाली की रेवदंड्याच्या माझ्या दवाखान्यात नायटा खाजवत येणाऱ्यांची रीघ लागते. दिवसभर ओले कपडे अंगावर, दुसरं काय होणार? बरेचजण औषध घरूनच ठरवून येतात: “वैद्यबुवा, गंधक रसायन द्या.”

गंधक कच्चा पोटात देत नाहीत. तो तुपात वितळवून, भांड्यावर बांधलेल्या फडक्यातून दुधात ओततात. माती-खडे फडक्यावर राहतात, तळाशी पिवळे रवे बसतात. मग ते धुऊन गुळवेल, त्रिफळा, माका, आलं यांच्या भावना देतात, म्हणजे त्यांच्या रस-काढ्यांत घोटतात. असली औषधं बनवणारा धूतपापेश्वर कारखाना आपल्याच जिल्ह्यातला, पनवेलचा, १८७२ सालचा.

गंधकाचं ठीक, पण कातडीच्या आजारांवर मागितल्या जाणाऱ्या इतर औषधांपैकी आरोग्यवर्धिनीत पारा असतो आणि रसमाणिक्य हरताळाचं, म्हणजे सोमलाच्याच कुळातलं. ही औषधं शेजारणीच्या सांगण्यावरून घ्यायची नाहीत. शिवाय नायटा ही बुरशी. तिथे बुरशीनाशक मलम लागतं, ते मी बिनदिक्कत डॉक्टरांकडून लिहून घ्यायला पाठवतो. दुकानातून परस्पर आणलेलं स्टेरॉइडचं मलम मात्र खाज दाबतं आणि नायटा पसरवतं.

घटक आणि परवाना क्रमांक न छापलेली पुडी घेऊ नका. गरोदर बाईला आणि लहान मुलांना तर मुळीच देऊ नका.