वहाली

समुद्रकाठच्या माणसाला मुशी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. घाटावरच्या माणसाला सांगावे लागते. मुशी म्हणजे शार्क मासा. पाकट ही मुशीची चुलत बहीण. ती सुपासारखी चपटी असते आणि तिची शेपटी चाबकासारखी असते. या दोघींच्या अंगात हाड नसते. तुम्ही आपला कान वाकवून बघा. तो वाकतो, पण मोडत नाही. कानात जे असते त्याला कूर्चा म्हणतात. मुशीचा सारा सांगाडा या कूर्चेचा असतो.

जगात मुशी आणि पाकटांच्या हजारावर जाती आहेत. त्यांतली सगळ्यांत मोठी म्हणजे व्हेल शार्क. आज आपण तिची माहिती घेऊ. आपली एस. टी. ची गाडी असते ना, तेवढी ती लांब होते. काही तर त्याहूनही मोठ्या होतात. अंगावर पांढरे ठिपके असतात. तोंड दोन-अडीच हात रुंद असते. पण भिऊ नका. ती माणसाला खात नाही. तोंड उघडून ती पाणी आत घेते आणि कल्ल्यांतून बाहेर सोडते. चाळणीत कोंडा राहावा तसे बारीक जीव आणि बारीक मासळी आत राहते. तेच तिचे जेवण.

गुजरातमधल्या सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर ही मुशी दर साल येते. तिथे वेरावळ नावाचे मोठे बंदर आहे. पूर्वी तिथले कोळी तिची शिकार करत. मोठा लोखंडी आकडा तिच्या अंगात रुतवत. आकड्याला दोर आणि दोराला रिकामी पिंपे बांधलेली असत. पिंपांमुळे तिला खोल बुडी मारता येत नसे. ती दमली की तिला किनाऱ्याला ओढून आणत. म्हणून तिचे नावच ‘बॅरल’, म्हणजे पिंप, असे पडले होते. तिच्या काळजाचे तेल होडीच्या लाकडाला लावत. तेलाने लाकूड पाण्यात कुजत नाही. पुढे तिचे मांस परदेशी जाऊ लागले. मग शिकार फार वाढली.

आता कोणी म्हणेल, समुद्र केवढा मोठा! मासे मारले तरी पुन्हा होतातच की! रोहू माशाचे तसे आहे खरे. रोहूची एक मादी एका वेळी लाखांनी अंडी घालते. मुशीचे तसे नाही. १९९५ साली तैवान देशात व्हेल शार्कची एक गाभण मादी सापडली. तिच्या पोटात सुमारे ३०० पिल्ले होती. मुशीच्या जातीत हीच संख्या सगळ्यांत मोठी. मांटा नावाची पाकट तर एका वेळी एकच पिल्लू घालते, गाय एक वासरू घालते तसे.

आणि पिल्लू मोठे व्हायला किती वर्षे लागतात? हे कळायला शास्त्रज्ञांना फार खटपट करावी लागली. सागाचे खोड कापले की आत वर्तुळे दिसतात. मुशीच्या मणक्यातही तशी वर्तुळे असतात. पण एक वर्तुळ एका वर्षाचे, की सहा महिन्यांचे? यावर वाद होता. तो वाद मिटला अणुबाँबमुळे! ऐकून नवल वाटेल. १९५० नंतर मोठ्या देशांनी अणुबाँबचे चाचणी-स्फोट केले. त्यामुळे हवेत एक खास प्रकारचा कार्बन वाढला. तो समुद्रात उतरला, तिथल्या जिवांच्या अंगात गेला, आणि त्यांना खाणाऱ्या मुशीच्या मणक्यातही गेला. कोणत्या साली समुद्रात तो किती होता, हे शास्त्रज्ञांना माहीत होते. त्यावरून कोणते वर्तुळ कोणत्या सालचे ते काढता आले. २०२० साली हा निकाल जाहीर झाला. एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष. पाकिस्तानात जपून ठेवलेली एक व्हेल शार्क १० मीटर लांब होती. ती मेली तेव्हा तिचे वय ५० वर्षांचे होते.

म्हणजे हिशेब काय झाला? ही मुशी पिल्ले घालण्याजोगी व्हायला पंचवीस-तीस वर्षे लागतात, असा अंदाज आहे. आकड्याने एक मुशी मारायला एक दिवस पुरतो. तिची जागा भरायला मात्र एक पिढी जाते. साऱ्या खोल समुद्रातल्या मुशी-पाकटांचा हिशेब २०२१ साली जाहीर झाला. १९७० साली जिथे १०० होत्या, तिथे २०१८ साली २९ उरल्या होत्या.

भारत सरकारने २००१ साली व्हेल शार्क मारण्यास कायद्याने बंदी केली. वाघाला जे संरक्षण आहे, तेच तिला मिळाले. पण कायदा दिल्लीत होतो आणि मुशी जाळ्यात सापडते समुद्रात. रात्रीच्या वेळी तिथे पाहायला कोण असते? २००४ साली गुजरातेत वन खाते, वन्यप्राण्यांसाठी काम करणारी एक संस्था आणि इतर मंडळी गावोगाव गेली. कथाकार मोरारीबापूंनीही कोळ्यांना सांगितले : ही मुशी म्हणजे आपली लेक आहे, बाळंतपणाला माहेरी आली आहे. माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारते का? तिला ‘वहाली’ म्हणू लागले. वहाली म्हणजे लाडकी. व्हेल शार्क पिल्ले घालताना अजून कोणी पाहिलेली नाही बरे का! तरी आम्हांला वाटते, कायद्यापेक्षा हा एक शब्द जास्त कामाला आला.

शब्दाने पोट मात्र भरत नाही. वहाली जाळ्यात अडकली की जाळे कापावेच लागते. जाळे म्हणजे कोळ्याचे शेत. त्या दिवसाची मासळीही जाते. म्हणून सरकारने भरपाई सुरू केली, २५ हजार रुपयांपर्यंत. महाराष्ट्रातही २०१८ पासून अशी भरपाई मिळते. तरी एक अडचण राहिली. आधी वन खात्याचा माणूस समुद्रात येऊन बघायचा, मग जाळे कापायचे. तोवर मुशी गुदमरायची आणि कोळ्याचा दिवस जायचा. मग कोळ्यांनाच पाण्यात चालणारे कॅमेरे दिले. आता ते स्वतः फोटो काढतात, जाळे कापतात आणि तिला सोडून देतात. भरपाई त्या फोटोवर मिळते. गुजरातच्या कोळ्यांनी अशा ९०० वर वहाली सोडल्या आहेत.