काळं मशीन : जुनं की जुन्यासारखं?

भिगवणमध्ये मी शिवणाचा वर्ग घेते. गेल्या हिवाळ्यात वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. म्हणाली, "बाई, एक विचारायचं होतं. आमच्या आजेसासूबाईंचं काळं मशीन पडवीत पडून आहे. भंगारवाला किलोवर घेतो म्हणतोय. आणि दुकानात अगदी तसंच दिसणारं, सोनेरी नक्षीचं नवंकोरं मशीन आलंय. जुनं देऊन नवं घेऊ का?"

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. पुष्कळ घरांत असं एखादं मशीन असतं. हिच्या घरच्या मशीनला तर आणखी एक इतिहास आहे. १९८० च्या सुमारास उजनी धरणाचं पाणी चढलं आणि भीमाकाठची गावं उठली, तेव्हा बैलगाडीतून धान्याच्या पोत्यांबरोबर हे मशीनही वर आलं. नव्या जागी संसार उभा राहीपर्यंत आजेसासूबाईंनी त्यावरच चोळ्या-परकर शिवून घरखर्चाला हात दिला. पण मायेचा भाग वेगळा आणि पोटापाण्याचा वेगळा. हिला ब्लाउज शिवून चार पैसे मिळवायचे होते. म्हणून मी तिला म्हटलं, "अगं, नाव बघून ठरवू नकोस, रंग बघून तर नकोच. आधी मशीन कुठल्या घराण्यातलं आहे ते समजून घे."

अमेरिकेत एलियास होवे यांना १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये शिवणयंत्राचं पेटंट मिळालं. सिंगर कंपनीने पुढे हप्त्याने मशीन विकायची पद्धत रूढ केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची यंत्रं हिंदुस्थानात येऊ लागली. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक इथला तिचा प्रचंड कारखाना १९८० मध्ये बंद झाला. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद मानला होता. माणसाचे कष्ट हलके करणारं यंत्र, म्हणून.

आपल्याकडे १९३० च्या दशकात कलकत्त्यात 'उषा' मशीन बनू लागलं. पुढे लुधियाना हे शिवणयंत्रांचं आणि त्यांच्या सुट्या भागांचं मोठं केंद्र झालं. सिंगरच्या 'पंधरा नंबर' वर्गातल्या मशीनचा आराखडा दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने उचलला, चीनने उचलला, आपणही उचलला. आज दुकानात दिसणारं साधं काळं मशीन बहुतेक त्याच वंशातलं असतं. त्यामुळे 'नवं म्हणजे नकली' असं म्हणण्यात अर्थ नाही. आराखडा तोच आहे. फरक पडतो तो ओतकामात, घासकामात आणि जोडणीत.

तो फरक कसा, ते पाहू. मशीनचा टाका दोन धाग्यांचा असतो. सुई वरचा धागा घेऊन खाली जाते आणि जराशी वर येताना धाग्याचा छोटा फासा पडतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचं टोक त्या फाशात शिरतं आणि बॉबिनच्या धाग्याभोवती त्याला फिरवतं. हा सगळा खेळ केसाएवढ्या अंतराचा. शटलचं टोक बोथट असेल, सुईचा दांडा डुगडुगत असेल, तर फासा चुकतो आणि टाका सुटतो. जुन्या चांगल्या मशीनमध्ये हे भाग घासून-पुसून, एकमेकांना बसवून दिलेले असत. नव्या स्वस्त मशीनमध्ये ही जोडणी कधी नीट असते, कधी नसते. एकाच दुकानातली, एकाच छापाची दोन मशीनं वेगवेगळी चालू शकतात.

मग जुनं ते सोनं का? तेही नाही. जुन्यात दोन मोठे प्रकार आढळतात. एकात गोल बॉबिन असते. ते सिंगरच्या 'पंधरा नंबर'मधलं असेल तर बॉबिन, बॉबिन केस, सुया हे सारं आजही तालुक्याच्या गावी मिळतं. दुसऱ्यात होडीसारखं लांबट शटल असतं आणि त्यात काडीसारखी बारीक, लांब बॉबिन. ते मशीन सुंदर चालतं, पण शटल हरवलं किंवा झिजलं तर ते शोधत फिरावं लागतं. फार जुन्या काही मशीनना तर सुईच वेगळी लागते. म्हणून जुनं मशीन घेताना पहिला प्रश्न हाच : याची सुई आणि बॉबिन मला उद्या मिळेल का? आणि दुसरा : आपल्या मिस्त्रीने हे मशीन कधी उघडलंय का? भिगवणच्या माणसाला मशीन घेऊन बारामती किंवा दौंड गाठायचं, तर दहा-बारा किलोचं लोखंडी हेड सोबत वागवावं लागतं, हे विसरू नये.

पारख मात्र हातानेच करावी. सुईत धागा न घालता, फूट वर उचलून चाक हळूहळू आपल्याकडे फिरवा. सगळीकडे सारखं हलकं फिरलं पाहिजे. एका ठिकाणी जड आणि पुढे मोकळं होत असेल तर आत काहीतरी घासतंय. मग सुईचा दांडा दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. ठळक डुगडुगला तर झीज झालेली आहे. सुईखालच्या दातांवर बोट फिरवा. दात गुळगुळीत झाले असतील तर कापड पुढे सरकणार नाही. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या दिसल्या तर समजावं, पुष्कळांनी हात घातलाय.

त्यानंतर शिवून पाहा. आधी सुती कापडाच्या दोन पदरांवर, मग जीनच्या चार पदरांवर. वर एका रंगाचा आणि खाली दुसऱ्या रंगाचा धागा घाला. खालचा रंग वर डोकावला तर लगेच मशीनला दोष देऊ नका. कित्येकदा नुसतं टेन्शन सैल-घट्ट करून भागतं. मात्र टेन्शन जुळवूनही, नवी सुई लावूनही टाके सुटत राहिले, तर ते मशीन तिथेच ठेवून घरी यावं. ही परीक्षा जुन्याला जेवढी लागू, तेवढीच नव्यालाही. दुकानदार 'घरी नेल्यावर बसेल' म्हणाला, तर 'इथेच बसवून द्या' म्हणावं.

हे मी ठेच खाऊन शिकले. काही वर्षांपूर्वी वर्गासाठी मी एक नवं काळं मशीन नुसत्या चकाकीवर भुलून घेतलं. न शिवताच टेम्पोत घातलं. दोन महिन्यांत ते जाड कापडावर टाके सोडू लागलं. मिस्त्रीने शटल बदललं, पुन्हा बसवलं, तेव्हा कुठे ते रुळावर आलं. आणि त्याच टेम्पोने परत जाताना माझं जुनं मशीन भंगारात नेलं होतं. त्याला नुसतं साफ करून तेल हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तेलाचं एक सांगते. जाम झालेल्या मशीनमध्ये पुष्कळदा बिघाड नसतो, वाळलेलं तेल असतं. आपल्याकडे हाताला येईल ते तेल घालतात, खोबरेलसुद्धा. ते वाळून डिंकासारखं चिकटतं. अशा मशीनच्या सांध्यांत थोडं रॉकेल सोडून, चाक सावकाश मागेपुढे करून मळ सुटू द्यावा. मग पुसून मशीनचंच पातळ तेल थेंब थेंब घालावं. जोर मात्र लावू नये.

शेवटचा प्रश्न कामाचा. जुनं काळं मशीन सरळ टीप मारण्यात पटाईत असतं. वीज गेली तरी पायडलवर चालतं. पण ते पिको करत नाही, काज करत नाही. नवं काळं मशीनही बहुधा सरळ टीपच मारतं. म्हणजे जुनं चालू असताना त्याच्याच जागी तसंच नवं घेतलं, तर पैसे जातात आणि काम तेवढंच राहतं.

जुन्याच्या भावाचीही एक गंमत आहे. २००९ साली सौदी अरेबियात अफवा उठली, की जुन्या सिंगर मशीनमध्ये 'लाल पारा' असतो. लोकांनी अवाच्या सवा किमती दिल्या. पारा अर्थातच निघाला नाही. तेव्हा लाखोंच्या गोष्टी सांगणाऱ्यालाही भुलू नये आणि किलोवर नेणाऱ्यालाही.

त्या मुलीच्या घरी जाऊन मी मशीन पाहिलं. हात टेकतो तिथली सोनेरी नक्षी पुसून गेली होती. बॉबिन गोल होती. चाक हलत नव्हतं. दोन संध्याकाळी रॉकेल आणि तेल दिल्यावर ते फिरलं. कातडी पट्टा तेवढा नवा घातला. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम येतं आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. तिने त्यासाठी अर्ज केलाय. मिळाले तर पिकोचं मशीन घ्यायचं तिच्या मनात आहे.

तोवर पडवीतलं मशीन चालू आहे. परवा तिने पहिला ब्लाउज आणून दाखवला. मी आधी तो उलटा करून टीप पाहिली. एकही टाका सुटलेला नव्हता.