वीरगळ कसा वाचावा

गांवासाठीं पडलेल्या वीराचें स्मारक उभारण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. शिर्डी ज्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत रतनवाडी येथें अमृतेश्वराचें प्राचीन मंदिर आहे. त्याच्या परिसरांत अशा स्मारकशिला पाहावयास मिळतात. त्यांसच वीरगळ म्हणतात. संस्कृताच्या सवयीमुळें हा शब्द 'गल्' धातूपासून साधण्याचा मोह आम्हांसहि एके काळीं झाला होता. परंतु तो कानडी 'वीरगल्लु', म्हणजे वीराचा दगड, यावरून आलेला आहे.

कर्नाटकांतील पुष्कळ वीरगळांवर लेख असतो. महाराष्ट्रांतील बहुतेकांवर तो नसतो. म्हणून येथें चित्र हाच लेख होय, आणि तो खालून वर वाचावयाचा. सर्वांत खालच्या चौकटींत बहुधा वीर मरून पडलेला असतो. शेजारीं गाई कोरलेल्या असल्यास तो गोधन सोडवितांना पडला असें समजावें. तिच्यावर युद्धाचा प्रसंग, त्याहून वर वीरास स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, आणि शेवटीं शिवलिंगाची पूजा करणारा वीर. मुंबईंत बोरिवलीनजीक एकसर येथील वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरलेलें आहे. शिलेच्या माथ्यावर कलश असतो. म्हणजे चौकटी हे जणूं मजले व शिला हेंच लहानसें देवालय. वरचे चंद्रसूर्य केवळ शोभेसाठीं नाहींत. ताम्रपटांत 'आचंद्रार्क' या शब्दानें जें सांगितलें जातें, तेंच येथें दोन आकृतींनीं सांगितलेलें आहे.

अशा निर्लेख शिलेस नेमकें साल लावण्याचा किंवा ती एखाद्या प्रसिद्ध लढाईशीं जोडण्याचा आग्रह धरूं नये. तिच्यापाशीं उरलेला मोठा पुरावा म्हणजे तिची जागा. परंतु शेंदराच्या थरांखालीं चौकटी बुजतात, आणि जीर्णोद्धाराच्या वेळीं शिला पायरीस किंवा पारास लावली गेली, कीं तो पुरावाहि जातो. म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, वीरगळ दिसतांच तो घरीं आणण्याचा विचार सोडावा. वेशीपासून व देवळापासून त्याचें अंतर, त्याच्या मुखाची दिशा, उंची व चौकटींचा क्रम टिपून घ्यावा, छायाचित्र काढावें, आणि शेंदूर लोखंडानें खरवडूं नये.

पोथी हरवली तरी तिची दुसरी प्रत कोठें तरी सांपडेल अशी आशा असते. वीरगळाची दुसरी प्रत नसते.