गाडी सेल्फ घेत नाही

पहाटे पावणेतीन

ऑगस्टातला भुरभुर पाऊस आणि उशाशी वाजणारा फोन. आळेफाट्यावर वायरमनचं दुकान टाकलं की रात्रीची झोप आपल्या मालकीची राहत नाही. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. भाजीच्या गाड्या रात्रभर चालू असतात.

"मामा, चहाला थांबलो, गाडी बंद केली, आता सुरूच होईना. फ्लॉवर भरलाय. उजाडायच्या आत पुण्याच्या गुलटेकडी मार्केटला पोचायचंय."

नुसतं 'सुरू होईना' म्हटलं तर मला काही कळत नाही. किल्ली फिरवल्यावर काय होतं ते सांग, म्हटलं. आवाजच नाही, एकदाच कट वाजतं, कटकटकट असं वाजत राहतं, की इंजिन फिरतं आणि पेट घेत नाही? आवाजच नसेल तर इग्निशन स्विच, रिले, फ्यूज नाहीतर सेल्फच्या सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर. कटकट चालू राहिली तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. इंजिन नेहमीच्या जोरात फिरतंय आणि तरी धरत नाही, तर बॅटरीकडे ढुंकूनही बघायचं नाही, डिझेल कुठं अडलंय ते शोधायचं. माणसं मात्र चारही तक्रारींवर एकच इलाज करतात: बॅटरी बदलतात.

"एकदाच कट होतं, मग गप्प," पोरगा म्हणाला. मी मीटर, टेस्ट लॅम्प आणि जंप केबल पिशवीत टाकली.

तीन

चहाच्या टपरीपुढे सल्लागार जमलेले होतेच. एकजण चाकपान्याने सेल्फवर ठोके घालत होता. हा उपाय खुळा नाही. कार्बन ब्रश झिजून अडकले असतील तर ठोक्याने ते जागेवर येतात आणि गाडी एकदा सुरू होते, फार तर दोनदा. पण इथे ठोके खाऊनही सेल्फ ढिम्म. दुसरा सांगत होता, पान्याने सेल्फचे दोन बोल्ट जोडून डायरेक्ट मार. तसं करणाऱ्याने आधी गाडी न्यूट्रलमध्ये आहे, हँडब्रेक ओढलेला आहे आणि चाकाला दगड आहे हे बघावं. गिअर पडलेला असेल तर गाडी उडी घेते आणि समोर तोच उभा असतो. तिसऱ्याने उतारावर ढकलायचं काढलं होतं. दीड टन माल भरलेली पिकअप, ओला रस्ता, आणि इंजिन बंद असताना ब्रेकला व्हॅक्यूमची मदत नसते, पेडल दगडासारखं होतं. तो बेत मी मोडून काढला.

"बॅटरी नवी आहे मामा, परवाच टाकलीय," पोरगा म्हणाला. "आणि दिवे बघा ना, लख्ख लागतात."

दिव्यांवरून बॅटरीची परीक्षा करणारे मला रोज भेटतात. पुढचे दोन्ही बल्ब मिळून दहाएक अँपिअर खातात. डिझेल इंजिनाचा सेल्फ हलायला लागताना त्याच्या वीस-तीसपट ओढतो. दिवे लागले म्हणजे दहा अँपिअरला वाट आहे एवढंच सिद्ध झालं.

मीटर बॅटरीच्या दोन खांबांना लावला. १२.५ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते, तेव्हा इथवर ठीक. मग त्याला किल्ली मारायला सांगितली. कट झालं, काटा ११.९ वर आला आणि तिथेच थांबला. याच ठिकाणी मी चहा मागवला, कारण अर्धं काम झालं होतं.

असं बघा. बॅटरी मेलेली असती तर सेल्फ मारताना ती आठ-नऊ व्होल्टवर कोसळली असती. सेल्फ किंवा इंजिन जाम असतं तरी प्रचंड करंट ओढला गेला असता आणि आकडा तसाच पडला असता. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्यावा. इथे आकडा वरच राहिला, म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे पण तिच्याकडून कुणी घेतच नाही. वाटेत कुठेतरी अडथळा आहे, गाळ भरलेल्या पाइपलाइनला मोटार कितीही मोठी लावली तरी शेवटच्या वाफ्यात पाणी पोचत नाही तसा.

अडथळा येण्याच्या वाटेवर की परतीच्या? मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर. किल्ली मार. ०.२. येण्याची वाट साफ. मग एक टोक मायनस खांबावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. किल्ली मार. साडेचार व्होल्ट! तिथे पाव व्होल्टाच्या वर काही दिसायला नको. मायनस खांब ते चॅसिस मोजलं तर जेमतेम ०.१. म्हणजे चोर चॅसिस आणि इंजिन यांच्या मध्ये.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून चॅसिसपासून गिअरबॉक्सपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी दिलेली असते, तीच अर्थिंगची पट्टी. टॉर्च घेऊन खाली शिरलो. पट्टी दिसायला जागेवर होती, पण हिरवी झालेली. बोटाने दाबली तर तारांचा भुगा हातात आला.

"खत वाहतोस का रे?"

"जून-जुलैत तेच काम असतं मामा. युरिया, पोटॅश."

गोण्यांतून सांडलेलं खत पावसाच्या पाण्यात विरघळून चॅसिसवर ओघळतं आणि तांबं खातं. आमच्या भागातल्या पिकअपांना जडलेला हा रोग आहे, शहरातल्या गाड्यांत तो एवढा दिसत नाही. मी अजून एक विचारलं, अ‍ॅक्सिलरेटर जड लागतोय का? तो चमकला. "आठवडाभर झाला. केबलला ऑइल घातलं तरी तसाच." गाडी जुन्या पंपाची, अ‍ॅक्सिलरेटरला तारेची केबल होती. सेल्फच्या करंटला पट्टीतून परतता येईना तेव्हा तो त्या केबलमधून परतत होता. तार तापली, आतलं प्लास्टिक वितळून चिकटलं. अ‍ॅक्सिलरेटर जड होणं आणि गाडी सुरू न होणं ही एकाच दुखण्याची दोन तोंडं आहेत, असं आपण होऊन कुणाच्या डोक्यात येत नाही.

जंप केबलचं एक टोक मायनस खांबावर आणि दुसरं इंजिन उचलायच्या हुकावर लावलं. "मार आता." पहिल्या सेल्फला गाडी सुरू. सल्लागार पांगले.

पोरगा तसाच निघायला बघत होता. जाऊ दिलं नाही. वेल्डिंगची जाड तांब्याची केबल, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग, एवढं पिशवीत असतंच. चॅसिसवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पांढरं लोखंड काढलं, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळला, वरून ग्रीस. रंगावर आवळलेली अर्थिंग आणि न आवळलेली सारखीच. शेवटी गाडी चालू ठेवून बॅटरीवर मोजलं, १४.१. चार्जिंग बरोबर. तो पावणेचारला सुटला. पुणं इथून नव्वदेक किलोमीटर.

सकाळी नऊ

दुकान उघडायच्या आधीच दारात दुसरी पिकअप, दोरीने ओढून आणलेली. ही नव्या कॉमन रेल इंजिनाची. सेल्फ झकास फिरवतो, इंजिन धरत नाही. ड्रायव्हरच्या हातात फवाऱ्याचा डबा होता, इथरचा. एअर फिल्टरमध्ये मारून बघू म्हणाला. डबा आधी काढून घेतला. ग्लो प्लग तापलेला असताना इथर आत गेलं तर ते नको त्या क्षणी भडकतं. पिस्टन फुटतो, कधी माणूसही भाजतो.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेल फवारायचं, एवढाच त्याचा खेळ. तेव्हा फवारा होतोय का, हा एकच प्रश्न. "काल काय काम केलं?" हे मी प्रत्येक गाडीला विचारतो. काल घरीच डिझेल फिल्टर बदलला होता. मग शोधायचं काय राहिलं? लाइनमध्ये हवा. हातपंप कडक होईस्तोवर दाबला, तरी धरेना, म्हणून स्कॅनर लावला. सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे दिसत होते, म्हणजे क्रँक सेन्सर जिवंत. रेलमधला दाब मात्र वर चढत नव्हता. अशा इंजिनात पुरेसा दाब बनल्याशिवाय कॉम्प्युटर नोझल उघडतच नाही. फिल्टर उघडला तर वरची रबरी रिंग दुमडलेली. तिथून हवा ओढत होता. रिंग नीट बसवली, पुन्हा हातपंप, सुरू.

जुन्या पंपाच्या गाडीत नोझलचा नट ढिला करून हवा काढायची आमची सवय कॉमन रेलवर चालत नाही. चालू इंजिनात नोझलकडे जाणाऱ्या नळीतला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, ती धार कातडीतून आत शिरते. हे मी दुकानातल्या पोरांना पुन्हा पुन्हा सांगतो.

साडेअकरा ते दोन

बाकावर दोन सेल्फ. एकाचे ब्रश आणि बुश बदलले, दुसऱ्याचं आर्मेचर जळालेलं. ते रिवाइंडिंगला पाठवलं. या यंत्राबद्दल मला आदर आहे. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ आला. त्याआधी हँडल मारताना इंजिन उलटं झटकून माणसांची मनगटं मोडायची. माझ्या उस्तादांनी जुन्या गाड्यांना हँडल मारलेलं आहे. अंगठा हँडलवर वळवायचा नाही, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हा त्यांचा पहिला धडा होता, जरी तो मला कधी लागला नाही.

मग डबा खाल्ला.

चार

माळशेजच्या वरून फोन. डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकतोय, सेल्फ फिरतो, गाडी लगेच मरते. हे फोनवर मिटलं. किल्लीच्या डोक्यात चिप असते. जुडग्यात दुसऱ्या गाडीचीही चिपची किल्ली असेल तर इमोबिलायझर कधी कधी गोंधळतो. बाकीच्या किल्ल्या काढून एकटीच लावा म्हटलं. लागली. या कामाचे पैसे कुणी देत नाही आणि मीही मागत नाही.

साडेपाच

पहाटेचा पोरगा परतला. गाळ्यावर पोचायला उशीर झालाच, चांगला भाव गेला, पण माल खपला. पट्टीचे आणि रात्रीच्या फेरीचे पैसे मोजून दिले, मग विचारलं, "मामा, मग जुनी बॅटरी कशानं गेली होती?"

खरा प्रश्न हाच होता. डायनामो इंजिनावर बसतो, त्याचा करंटही त्याच पट्टीतून परततो. पट्टी कुजली की बॅटरीला १४ च्या जागी तेरा-सव्वातेरा पोचतात आणि ती उपाशी राहते. सकाळी सेल्फ जड ओढतो, मालक म्हणतो बॅटरी गेली. नवी टाकताना टर्मिनल घासले जातात, भरलेली बॅटरी आणखी जोर लावते, दोन दिवस गाडी चालते. मग पुन्हा तेच. त्याची जुनी बॅटरी बहुतेक नुसती चार्ज करायची होती. ती मोडीच्या भावात देऊन झाली, आता मोजणार कशी?

"ज्यानं बदलली त्यानं मोजली नव्हती का?" मी विचारलं.

"दुकानात ओहमवर लावून बघितलं म्हणे. वायरी ठीक आहेत म्हणाला."

ओहमवर हा दोष दिसत नाही. ०.०२ ओहम साध्या मीटरला शून्यच वाटतो, पण २०० अँपिअर वाहायला लागले की तेवढाच अडथळा चार व्होल्ट गिळतो. सेल्फ मारत असतानाच व्होल्ट मोजावे लागतात, आणि त्यासाठी किल्लीवर एक माणूस लागतो. बाकी महागडं यंत्र काही लागत नाही. त्याची अ‍ॅक्सिलरेटरची केबल बदलून दिली, आणि आठ वाजता शटर ओढलं.

पिकअपवाल्यांना एवढंच सांगणं आहे: खताचा हंगाम संपला की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा आणि चॅसिस ते गिअरबॉक्सची पट्टी एकदा टॉर्च मारून बघा. हिरवी दिसली तर लगेच बदला. आणि कुणी बॅटरी बदला म्हटलं तर आधी सेल्फ मारताना मायनस खांब ते इंजिन मोजून दाखवायला सांगा. पाव व्होल्टाच्या वर आकडा आला तर बॅटरीचे पैसे खिशातच ठेवा.