मुंबईचं सोनं आणि पोलादी पाणबुडे

२० मे १९२२. इंग्लंडच्या टिलबरी बंदरातून मुंबईला निघालेली पी. अँड ओ. कंपनीची ‘इजिप्त’ ही आगबोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यात सापडली. ‘सेन’ या फ्रेंच मालवाहू बोटीची धडक बसली आणि सुमारे वीस मिनिटांत ‘इजिप्त’ने तळ गाठला. ८० हून अधिक जीव गेले. बोटीवरचे बरेच खलाशी भारतीय होते. तिजोरीत होतं मुंबईकडे निघालेलं सुमारे ५ टन सोनं आणि १० टन चांदी. किंमत त्या काळी दहा लाख पौंडांवर!

विमेकऱ्यांनी भरपाई दिली. पण सोनं राहिलं सुमारे ४०० फूट पाण्याखाली. तिथे दर चौरस इंचावर जवळपास ८० किलोचा भार. शिवाय रबरी पोशाखातला पाणबुड्या दाबाखालची हवा घेतो, तेव्हा नायट्रोजन त्याच्या रक्तात मुरतो. घाईनं वर आलं, की सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. माणूस लुळा पडतो, प्रसंगी दगावतो.

मग उपाय काय? दाब बाहेरच अडवणारं चिलखत! १७१५ मध्ये इंग्लंडच्या जॉन लेथब्रिजनं लाकडी पिंपात पालथं झोपून, भोकांतून हात बाहेर काढून ६० फुटांपर्यंत मजल मारली होती. १८८२ मध्ये मार्सेच्या कार्मान्योल बंधूंनी ३८० किलोचं चिलखत घडवलं, पण सांध्यांतून पाणी झिरपू लागलं. खरी मेख तिथेच होती. सांधा सैल ठेवला तर गळतो, घट्ट केला तर दाबाखाली जखडतो.

‘इजिप्त’चं काम इटलीच्या ‘सोरिमा’ कंपनीनं घेतलं. तिच्या ‘आर्तिल्यो’ बोटीवर जर्मन बनावटीची चिलखतं होती. मुख्य पाणबुडे अल्बेर्तो जियान्नी यांनी ओळखलं, की एवढ्या खोलीवर चिलखताचे हातपाय फारसे उपयोगी नाहीत. माणसाचे डोळे मात्र लाखमोलाचे. त्यांनी बिनहातापायांची, खिडक्यांची पोलादी कोठी वापरली. आतला माणूस टेलिफोनवरून दिशा सांगायचा आणि वरची मंडळी यारीनं लोखंडी जबडा नेमका तिथे सोडायची.

ऑगस्ट १९३० मध्ये ‘इजिप्त’ सापडली. पण डिसेंबरमध्ये दारूगोळ्याचं दुसरं बुडालेलं जहाज फोडताना प्रचंड स्फोट झाला. ‘आर्तिल्यो’ बुडाली, जियान्नीही गेले. सहकाऱ्यांनी हार मानली नाही. दुसरी बोट घेऊन ते परतले आणि जून १९३२ मध्ये सोनं वर आलं! १९३५ पर्यंत बहुतेक खजिना निघाला. मुंबईला मात्र तो पोचलाच नाही. विमेकरी आणि ‘सोरिमा’ यांच्यात त्याची वाटणी झाली.

सांध्याचं कोडं सोडवलं जोसेफ पेरेस यांनी, सांध्यात द्रव भरून. १९३५ मध्ये त्यांच्या चिलखतात जिम जॅरेट ‘लुसिटानिया’च्या अवशेषांवर उतरले. पुढे सुधारलेल्या चिलखताला ‘जिम’ हेच नाव मिळालं आणि १९७९ मध्ये ते घालून सिल्विया अर्ल ही अमेरिकन शास्त्रज्ञ सुमारे १,२५० फुटांवर समुद्रतळावर चक्क फिरून आली. ना सोन्यासाठी, ना चांदीसाठी. केवळ समुद्र पाहण्यासाठी!